सिहार जमिनीची जन्मकथा



वखरताना पासेला दगड लागला की आपण तो उचलून धुऱ्यावर फेकतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी एकदा तो दगड धुऊन उन्हात धरून बघावा. पांढरे-काळे पट्टे दिसतील, मधे अभ्रक चमकेल. हाच तुमच्या जमिनीचा बाप!

नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची आहे. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो नागपूरजवळ संपतो आणि पूर्वेला त्याच्याहून फार जुने खडक उघडे पडतात. काही तर दोनशे कोटी वर्षांहून जुने. जुना गाळ, जुने खडक जमिनीच्या पोटात खोल दबले, उष्णतेने व दाबाने त्यांचे रूप पालटले. म्हणून यांना रूपांतरित खडक म्हणतात. तुमसर तालुक्यातले चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज याच खडकांतले. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मँगनीजयुक्त अशा एका खडकाला ‘गोंडाइट’ म्हटले आहे. हे नाव इथल्या गोंड लोकांवरून पडले.

आता या दगडाची माती कशी होते ते बघा. त्यातली गार झिजत नाही, तिची वाळू होते. फेल्डस्पार कुजून पांढरट चिकणमाती होते. अभ्रकातून पालाश हळूहळू सुटतो. पण काळ्या पाषाणात असतो तेवढा चुना व मॅग्नेशियम यात नसतो. म्हणून ही माती पिवळसर, हलकी, थोडी आम्ल होते. काळ्या जमिनीसारखी ती फुगत नाही, आणि खतही तेवढे धरून ठेवत नाही.

आपल्या वाडवडिलांनी हे पुस्तकाशिवाय ओळखले होते. उंचावरची खडेरी ती बर्डी, उतारावरची पिवळी रेताड ती सिहार, त्याखाली मोरांड, आणि सखल भागातली काळी भारी ती कन्हार. पावसाने बारीक माती खाली वाहून नेली, जाडी वाळू वर राहिली. एकाच गावात चार तऱ्हेच्या जमिनी झाल्या त्या अशा.

खालचा खडक अखंड आणि कठीण. पाणी मुरते ते वरच्या कुजक्या थरात व भेगांत. म्हणून विहिरींना पाणी बेताचेच. यावर उपाय काढला तो तलावाचा. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने उतार पाहून मातीच्या पाळी बांधल्या. नवेगाव बांध त्यातलाच. पुढे मालगुजारी आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून हे तलाव सरकारकडे आले. मालक बदलला, पण पाळ राखणारा, गाळ काढणारा हात अनेक ठिकाणी ढिला पडला. तलाव उथळ झाले. ज्या जमिनीला भूगर्भाचा आधार कमी, तिचा वरचा आधारही खचला तर रोवणी कशाच्या भरवशावर करायची?

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) तलावाचा गाळ काढताना मूठभर गाळ पेल्यातल्या पाण्यात ढवळून ठेवा. लगेच तळाशी बसते ती वाळू. वाळूच जास्त असेल तर तो गाळ बांधीत टाकू नका. बारीक चिकण गाळ सिहार व बर्डी जमिनीत टाका, तो ओल आणि खत दोन्ही धरतो.

२) हलक्या जमिनीत नत्र एकदम देऊ नका, ते पाण्याबरोबर निघून जाते. अर्धे रोवणीच्या वेळी, पाव फुटवे येताना, पाव लोंबी पोटात धरताना द्या. शेणखताला मात्र पर्याय नाही.

३) माती तपासून घ्या. जस्त कमी निघाले तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्या, पण ते स्फुरदाच्या खतात मिसळू नका.

शेजारच्या जिल्ह्यात काळ्या जमिनीत जे चालले ते तुमच्याकडे चालेलच असे नाही. सिहार जमीन वाईट नव्हे, ती वेगळ्या कुळातली आहे. तिचे कूळ ओळखून तिला खाऊ-पिऊ घाला, ती धानाची कोठी भरील.