शिशाच्या बिल्ल्याची कुळकथा

प्रभुभोजनाला यायचे तर बिल्ला घेऊन या, ही कल्पना धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनची. १५६० साली त्याने ती जिनिव्हाच्या नगरसभेपुढे मांडली आणि नगरसभेने ती फेटाळली. फ्रान्सच्या ह्यूगनॉट (प्रॉटेस्टंट) मंडळ्यांनी मात्र ती उचलली. स्कॉटलंडमध्ये तर ती अशी रुजली की एकोणिसाव्या शतकात छापील कार्डे येईपर्यंत टिकली.

बिल्ला बहुधा शिशाचा, नाण्याएवढा. त्यावर गावाची किंवा पाळकाची आद्याक्षरे, साल. पुढे पुढे करिंथकरांच्या पत्रातल्या, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगणाऱ्या वचनाचा आकडा. प्रत्यक्षात परीक्षा घेत ते मंडळीचे वडील! प्रश्नोत्तरी येते का, वागणूक कशी आहे, कोणाशी वैर आहे का, हे पाहून बिल्ला मिळे. तो मेजापाशी परत द्यायचा. पवित्र भोजनाची थट्टा होऊ नये, हा हेतू प्रामाणिकच होता.

पण मंडळ्या फुटत गेल्या आणि बिल्ल्याचा अर्थ बदलला. १७३३ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून ‘सिसीडर’ वेगळे झाले. नगरात नागरिक होताना घ्यायची शपथ ख्रिस्ती माणसाने घ्यावी की नाही, यावरून १७४७ साली त्यांच्यात बर्गर आणि अँटी-बर्गर असे तट पडले. पुढे त्या तटांतही जुने-नवे झाले. बायबल एक, विश्वासाची कबुली एक, तरी मेजे वेगळी. मला विचाराल तर हा वाद धर्मापेक्षा भाऊबंदकीच्या जवळचा होता.

१८०९ साली ग्लासगोत अँटी-बर्गरांचे प्रभुभोजन होते. सुमारे आठशे लोक पंगतीपंगतीने मेजाला बसत होते. अलेक्झांडर कॅम्पबेल हा विशीतला आयरिश तरुण शेवटच्या पंगतीपर्यंत थांबला. परीक्षा देऊन मिळवलेला बिल्ला त्याने तबकात टाकला आणि भोजन न घेताच तो निघून गेला. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियात त्याचे वडील थॉमस यांनी परक्या पंथाच्या लोकांना प्रभुभोजनाला बोलावल्यामुळे प्रेस्बिटरीचा, म्हणजे आपल्याच पंथाच्या धर्मसभेचा, रोष ओढवून घेतला होता. बापलेकांच्या चळवळीतून ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ उभी राहिली. दर रविवारी प्रभुभोजन, बिल्ला नाही. मात्र ऐक्यासाठी निघालेली ही चळवळही फुटलीच. १९०६ च्या अमेरिकी धर्मगणनेत तिचे दोन भाग वेगळे नोंदले गेले.

भारतात मात्र उलटे घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्या सहांत बिल्ला जपणाऱ्या स्कॉटिश चर्चच्या प्रेस्बिटेरियन परंपरेची मंडळी होती आणि बिल्ला टाकून निघालेल्या कॅम्पबेलचे डिसायपल्सही होते.