नाताळच्या फराळाचे ताट : एका घरगुती भेटीचा इतिहास

१/
पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालेला प्रवासी शिरूरजवळ घोड नदी ओलांडतो, नगर जिल्ह्यात शिरतो आणि थोड्याच वेळात पारनेर तालुक्यातील सुपा गाठतो. आज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. मात्र ज्या पट्ट्यातून हा रस्ता जातो, त्या पट्ट्यात एका घरगुती भेटवस्तूचा लक्षणीय इतिहास घडला आहे. ती भेट म्हणजे नाताळच्या फराळाचे ताट. (धागा)

२/
डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की नगर भागातील मराठी ख्रिस्ती घरांत कढया चढतात. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, चिवडा, लाडू, अनारसे असे सारे घरीच होते. केकही असतो, पण शेजारी, आप्त आणि मित्र यांच्याकडे विणलेला रुमाल झाकून जे ताट जाते, ते फराळाचे. येशूजन्माच्या सणाला दिवाळीचा फराळ कसा आला?

३/
'धर्म बदलला, पण जिभेची सवय बदलली नाही' हे त्याचे सोपे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खाण्याची सवय घरातल्या घरातही जपता येते. इथे प्रश्न आहे तो ताट घराबाहेर नेण्याचा. १९व्या शतकातील गावगाड्यात अन्न कोणाकडून कोणाकडे जात होते, हे पाहिल्याशिवाय या ताटाचा अर्थ उलगडत नाही.

४/
सुप्यासारख्या ज्वारी-बाजरीच्या, पाऊस कमी असलेल्या गावांचा व्यवहार बलुत्यावर चाले. खळ्यावर धान्याचा वाटा आणि सणाला पोस्त, ही बलुतेदारांची हक्काची प्राप्ती. पण महार कुटुंबांच्या वाट्याला याखेरीज दारोदार मागून आणलेली भाकरी आणि सणाचे उरलेसुरले अन्नही येई. अन्न वरून खाली येत असे. खालून वर तयार अन्न पाठवण्याची सोयच त्या रचनेत नव्हती.

५/
या रचनेला सोवळ्याओवळ्याचे बारीक नियम होते. पाण्यात शिजवलेला भात, वरण, भाकरी हे 'खरकटे' अन्न. त्याचा विटाळ अधिक. तुपातेलात तळलेले किंवा कोरडे भाजलेले पदार्थ त्या मानाने कमी बाधक समजले जात. न शिजवलेला शिधा तर बराच दूरवरून स्वीकारता येई. म्हणजे पदार्थ काय आहे यावर तो कोणाच्या घरात जाऊ शकेल हे ठरत होते. तरीही अस्पृश्य ठरवलेल्यांच्या हातचे तळलेलेही चालत नसे.

६/
१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे ठाणे उघडले. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा, १८४२ मध्ये सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे नियतकालिक यांमुळे नगर मराठी ख्रिस्ती जीवनाचे केंद्र बनले. पुढे शिरूरलाही मिशनचे ठाणे झाले. अशा रीतीने सुपा ज्या रस्त्यावर वसले आहे, त्याच्या दोन्ही टोकांना मिशनचे काम उभे राहिले. धर्मांतर करणारे बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतील होते.

७/
इथे एक गंमत लक्षात घ्यावी. हे मिशनरी ज्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन परंपरेतून आले, ती परंपरा नाताळविषयी फारशी उत्साही नव्हती. त्या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास ५ शिलिंग दंड होता. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळला कायदेशीर सुटी मिळाली ती १८५६ मध्ये. तेव्हा नगरच्या नाताळचा थाट बोस्टनहून जसाच्या तसा आला, असे मानण्यास जागा उरत नाही.

८/
१८७० च्या दशकात अँग्लिकन पंथाचे एसपीजी मिशनही नगर भागात आले. त्या पंथात वार्षिक सणांचे दिवस आणि विधी ठरलेले असतात. याच दशकात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि त्यानंतर ख्रिस्ती कुटुंबांची संख्या झपाट्याने वाढली. दरम्यान अमेरिकेतही नाताळ हा कुटुंबाचा, मुलांचा आणि भेटींचा सण बनू लागला होता. त्या बदलाचे पडसाद मिशनच्या शाळांत उमटले.

९/
बोस्टन येथे १८६८ मध्ये स्त्रियांचे मिशनरी मंडळ स्थापन झाले. अमेरिकन चर्चमधील स्त्रिया दूरदेशीच्या शाळांसाठी बाहुल्या आणि हाताने शिवलेल्या पिशव्यांसारख्या वस्तू पाठवीत. त्यामागील माया खरी होती. पण या भेटीची दिशाही एकच होती: देणारा दूर आणि वर, घेणारा हात पसरून उभा. गावगाड्यातील भाकरीपेक्षा ही भेट कितीतरी सन्मानाची. तरी परतफेडीची वाट तिच्यातही नव्हती.

१०/
दिशा बदलण्याचे काम मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतः केले. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उपासनेला अभंग-भजनांचा मराठी सूर दिला. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, ही भूमिका त्यातून घडत गेली. हेच काम स्वयंपाकघरातही होत होते. फक्त ते करणाऱ्या स्त्रियांची नावे ग्रंथांत क्वचितच आली.

११/
हा पालट सोपा नव्हता. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी सोवळे आणि स्वतंत्र चूल त्यांनी बराच काळ सोडली नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी घेण्यापर्यंतचा आपला प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे'त प्रांजळपणे सांगितला आहे. पतीचा धर्म समजून घेणे आणि पंक्तीचा नियम मोडणे या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या लढाया होत्या. दुसरी अधिक अवघड होती.

१२/
आणि हे केवळ एका घरापुरते नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा ठेवला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याने जिथे पुणे हादरले, तिथे खेड्यातील ख्रिस्ती घरातून ताट घेऊन निघणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल.

१३/
भेटीसाठी फराळच सोयीचा का ठरला, हेही पाहण्यासारखे आहे. 'फराळ' हा शब्द 'फलाहार'वरून आला. मुळात तो उपवासाचा आहार. कालांतराने कोरड्या, टिकाऊ खाद्यपदार्थांसाठी तो रूढ झाला. हे पदार्थ आठवडाभर आधी करता येतात, डब्यात राहतात, प्रवासात सांडत नाहीत. शिवाय ते सणाची सर्वांना कळणारी भाषा बोलतात. शेजाऱ्याला नाताळची कथा ठाऊक नसली, तरी करंजी म्हणजे सण हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

१४/
या भेटीची खरी किंमत श्रमात मोजावी लागते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवून कुटायचे, गुळात पीठ मुरवायचे. चकलीची भाजणी वेगळी, सोऱ्याला जोर वेगळा. करंजीला मोहन कमी पडले की ती कडक होते. कातण्याने कड नीट मिटली नाही की कढईत फुटते आणि सारण तेलभर होते. म्हणून शेजारणी एकमेकींकडे लाटायला बसतात. ताट भेट म्हणून जाण्याआधीच तयार करण्यात अनेक घरांचे हात लागलेले असतात.

१५/
गोव्याचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. 'नाताळ' हा शब्दच मराठीत पोर्तुगीजांकडून आला. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. तरीही करंजीची बहीण असलेली नेवरी नाताळच्या 'कुस्वारा'त ठाण मांडून आहे आणि सणाचे पदार्थ हिंदू-ख्रिस्ती शेजाऱ्यांत आजही फिरतात. हुकूम शब्दांवर आणि वेषावर चालतो. सारणावर तो क्वचितच चालतो.

१६/
अन्नाची दिशा हा सन्मानाचा प्रश्न आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ च्या महाड परिषदेत सर्वांत स्पष्टपणे मांडले. मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न घेणे सोडा, हे त्यांचे आवाहन होते. मार्ग आणि विचार वेगळे. पण जखम तीच. ज्यांना उरलेले घ्यावे लागत होते, त्यांनी ते नाकारणे हा एक विद्रोह. स्वतः ताजे रांधून ते शेजाऱ्याच्या हाती देणे हा त्याचा शांत सोबती.

१७/
अर्थात, धर्मांतराने जात पुसली गेली नाही. लग्नसंबंधांत ती ख्रिस्ती समाजातही उरली, आणि गावातील प्रत्येक उंबरठा ताटासाठी उघडला असेही नाही. म्हणूनच ताट स्वीकारणारा हात देणाऱ्या हाताइतकाच महत्त्वाचा. घरी केलेली भेट कढईतून निघाली की पूर्ण होत नाही. समोरच्याने त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला की ती पूर्ण होते.

१८/
मराठी घरांत आणखी एक रीत आहे: शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालावी. बलुत्याच्या भाकरीला परतफेड नव्हती. अमेरिकेहून आलेल्या बाहुलीलाही नव्हती. फराळाच्या ताटाला मात्र आहे. दिवाळीला एका घरातून ताट जाते, नाताळला दुसऱ्या घरातून येते. ही देवाणघेवाण दोन घरांना एका पातळीवर आणते.

१९/
आता सुप्यासारख्या औद्योगिक गावांतून सणाची भेट म्हणजे बहुधा दुकानातील मिठाईचे बंद खोके. ते सर्वांना सारखेच मिळते. त्यात कोणाच्या हातचे काय, हा प्रश्नच नसतो. ही सोय मोठी आहे, आणि एका अर्थाने समताही. पण ज्या प्रश्नाला बगल देऊन ती आली, त्याच प्रश्नाला घरच्या ताटाने थेट उत्तर दिले होते: हे आमच्या हातचे आहे, घ्या.

२०/
इतिहास तह, लढाया आणि सनदांत सापडतो तसाच तो रुमालाखाली झाकलेल्या करंज्यांतही सापडतो. येत्या २५ डिसेंबरला नगर भागात कोणाच्या दारी असे ताट आले, तर त्यामागे जवळपास दोन शतकांची वाटचाल आहे हे आठवावे. आणि ताट परत करताना ते रिकामे देऊ नये.
(धागा समाप्त)