कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची अँबॅसिडर

जुन्या मोटारीचा छंद हा धनिकांचा छंद समजला जातो. संस्थानिकांच्या दिमाखदार गाड्या वर्षातून एकदा मिरवणुकीला निघाव्या आणि पुन्हा आच्छादनाखाली जाव्या, हे ज्यांना परवडते त्यांनी ते खुशाल करावे. आपला प्रश्न याहून साधा आहे. बेताच्या पगाराच्या आणि बदलीच्या नोकरीतल्या माणसाला जुनी गाडी घ्यावीशी वाटली, ती रोज चालवीत राहून सवडीसवडीने दुरुस्त करावी असे त्याच्या मनात आले, तर त्याने कोणती गाडी निवडावी? वरवर पाहता हा प्रश्न मिस्त्रीच्या अखत्यारीतला वाटतो. परंतु थोडे खोल गेले की ध्यानात येते, त्याचे उत्तर आपल्या देशाच्या औद्योगिक इतिहासात दडलेले आहे. कोणती गाडी आज चालू राहू शकते, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सरकारी निर्णयांनीच बहुतांशी ठरवून ठेवले आहे.

हा इतिहास पाहण्यास भिलाईसारखे ठिकाण सोयीचे आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कुर्ल्यावरून नागपूर, दुर्ग, भिलाई, रायपूर करीत हावड्यास पोचतो, आणि हावड्याच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर हुगळीच्या काठी उत्तरपाडा आहे. स्वतंत्र भारताच्या रस्त्यांवर चार-पाच दशके ज्या दोन मोटारींचे राज्य होते, त्यांतील एक कुर्ल्यास जन्मली व दुसरी उत्तरपाड्यास. भिलाई या दोहोंच्या मधल्या वाटेवर वसलेले. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा या दोन्ही गाड्या नुकत्याच आपल्या तारुण्यात आल्या होत्या.

कुर्ल्याच्या कारखान्यामागे सोलापुरास १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांची जिद्द होती. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वस्तू हिंदुस्थानात तयार झाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. मोटारीच्या कारखान्याची योजना सर विश्वेश्वरय्या यांनीही हिरिरीने मांडली होती आणि मुंबई प्रांताच्या १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. पण महायुद्ध सुरू झाले आणि परकी सरकारला येथे मोटारी बनण्याची निकड वाटली नाही. विमानांचा कारखाना १९४० साली बंगळुरास निघाला, जहाजांची गोदी १९४१ साली विशाखापट्टणास सुरू झाली, मोटारीला मात्र १९४४ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. प्रथम तिने अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० कुर्ल्यास तयार होऊ लागली. त्या काळच्या गोलसर अंगाच्या या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे प्रेमाचे नाव ठेवले, आणि ते आजही जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी आहे. वालचंद स्वतः ही गाडी पाहण्यास राहिले नाहीत. १९५३ साली त्यांचे निधन झाले.

उत्तरपाड्याची कथा समांतर आहे. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ साली झाली. तिचे पहिले ठिकाण गुजरातेतील ओखा बंदर. १९४८ साली कारखाना बंगालमध्ये आला. इंग्लंडच्या मॉरिस कंपनीच्या गाड्या येथे हिंदुस्थान टेन, हिंदुस्थान फोर्टीन, लँडमास्टर अशा नावांनी तयार होत गेल्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेली अँबॅसिडर १९५७ सालची. तिच्यात बसून मंत्री, कलेक्टर आणि कमिशनर यांनी किती मैल काटले याची गणती नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात ‘सरकार’ या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते, ते पांढऱ्या अँबॅसिडरचेच असते.

आता हे दोन कारखाने टिकले आणि इतर का गेले, हे पाहिले पाहिजे. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईस गाड्या जोडण्यास आरंभ केला होता, तिच्या मागून फोर्डही आली. परंतु पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर १९४९ साली बंधन आले, आणि १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरविले की, ज्यांच्यापाशी टप्प्याटप्प्याने सर्व भाग देशातच बनविण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच हा धंदा करावा. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. प्रवासी मोटारींच्या क्षेत्रात मुख्यतः तीन नावे उरली : कुर्ल्याची प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड. त्यांच्या जोडीला मुंबईच्या महिंद्रांची जीप होती. तिची जोडणी १९४७ पासून चालू झालेली.

या धोरणाचे दुष्परिणाम आपल्या वडिलांच्या पिढीने भरपूर भोगले. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. किमतींवर सरकारचे नियंत्रण होते आणि त्यावरून कारखानदार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.  स्पर्धाच नसल्यामुळे गाडीत बदल करण्याची कोणाला गरज वाटली नाही. फियाट १९६४ साली ‘डिलाइट’ झाली, पुढल्या दशकाच्या मध्यास ‘पद्मिनी’ झाली, आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबेपर्यंत तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन मूळच्याच घराण्याचे राहिले. अँबॅसिडरने तर मे २०१४ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, आपला बांधा फारसा बदलला नाही. जगात अन्यत्र चार-पाच वर्षांत गाडीचा नमुना बदलत असता आपल्याकडे आजोबांची गाडी आणि नातवाची गाडी एकच असे. अर्थशास्त्रज्ञांनी या साचलेपणावर टीका केली, आणि ती योग्यच होती.

परंतु इतिहासाची गंमत अशी की, एका पिढीला जे दैन्य वाटले तेच दुसऱ्या पिढीच्या उपयोगी पडते. नमुना न बदलल्यामुळे सुटे भागही बदलले नाहीत. सत्तरच्या फियाटला नव्वदच्या पद्मिनीचे पुष्कळसे भाग थोड्याफार फेरफाराने बसतात. कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, दिल्लीची मायापुरी या पेठा या दोन गाड्यांवर पोसल्या. मिस्त्र्याकडून मिस्त्र्याकडे विद्या चालत गेली. तिला ग्रंथाची गरज पडली नाही. म्हणून जुनी गाडी निवडताना पहिला प्रश्न गाडीच्या वयाचा नसून तिच्या गोतावळ्याचा असावा. स्टँडर्ड हेराल्ड ही मद्रासची गाडी १९६१ पासूनची, दिसावयास देखणी. पण तिचे कुटुंब लहान आणि तिचा वंश लवकर खुंटला. परदेशाहून आलेली एखादी सुंदर गाडी तर एका रबरी वळ्यासाठी सहा महिने दारात उभी राहील. उभ्या गाडीचे काम कधीच पुरे होत नाही, हा सर्व मिस्त्र्यांचा अनुभव आहे. चालती गाडी आपले दुखणे स्वतः सांगते. उभ्या गाडीत रबर कडक होते, ब्रेक धरतात, टाकीत गंज साचतो आणि धन्याचा उत्साहही मावळतो.

फियाट आणि अँबॅसिडर यांत निवड करावयाची तर आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दोन्ही गाड्यांना स्वतंत्र चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच त्यांची हाडे. इंजिन उतरवून नवे करता येते, पण दरवाजाखालचा पाट, तळाचा पत्रा आणि मागचे पाटे जेथे सांगाड्याला मिळतात ती जागा गंजाने खाल्ली असेल, तर ती गाडी कितीही चकचकीत रंगविली तरी घेऊ नये. जीपला वेगळी चॅसी असते, त्यामुळे तिच्या वरच्या पत्र्याचे दुखणे तितके जिवावरचे नसते. चांगले इंजिन आणि कुजका पत्रा यांपेक्षा थकलेले इंजिन आणि निरोगी पत्रा केव्हाही बरा. भिलाईसारख्या गावी लेथ, वेल्डिंग जाणणारे हात मुबलक आहेत. येथे बुशिंग कातून मिळेल, ब्रॅकेट जोडून मिळेल. गंजलेली हाडे मात्र कोणी परत देत नाही.

येथे हवामानाचा विचार अवश्य करावा, कारण आपले वाचक कोकणापासून लडाखपर्यंत विखुरलेले आहेत. कोकणची खारी हवा पत्र्याची शत्रू. छत्तीसगडात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. येथे रेडिएटर, पाण्याचा पंप आणि पंख्याचा पट्टा यांवर आधी खर्च करावा. ज्यांची बदली लेह, श्रीनगर किंवा सिमल्यास झाली आहे त्यांचे प्रश्न निराळे आहेत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडाचा ब्लॉकही तडकवते; म्हणून पूर्वी रात्री रेडिएटर रिकामा करून ठेवीत, आज ग्लायकॉलचे मिश्रण घालावे. थंडीत तेल घट्ट होते, बॅटरीचे बळ घटते. शिवाय या दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. त्यामुळे बर्फाच्या चढणीवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. तेथे चारही चाकांना जोर देणारी जुनी जीपच शहाणपणाची. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तेथील जुनी गाडी घेणारा प्रथम तिच्या खाली वाकून पाहतो. आपणही तेच करावे. आपल्याकडे मिठाचे काम समुद्र आणि पावसाळी चिखल करतात, एवढाच फरक.

इंधनाचाही इतिहास आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशातून २००० साली हद्दपार झाले. हवेसाठी ते उत्तमच झाले. पण लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकीला त्या शिशाचा जो आधार होता तो गेला, म्हणून तेथे कठीण धातूची बैठक बसवून घेणे हिताचे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. आपल्या ऊसकरी शेतकऱ्याला त्याचा लाभ असेल. जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला ते मानवत नाही. त्या नळ्या बदलण्याचा खर्च किरकोळ, न बदलण्याचा धोका मोठा.

सर्वात अवघड भाग कायद्याचा, आणि तो आपणा बदलीवाल्यांना विशेष लागू आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीस ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. गाडी परराज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर ना हरकत दाखला आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रातली फियाट दुर्गला आली की तिला ‘सीजी ०७’ व्हावे लागते, आणि करही पुन्हा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सोयीची ‘बीएच’ मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली खरी, पण मूळ योजना नव्या गाड्यांसाठी होती. दिल्ली परिसरात जुन्या पेट्रोल गाड्यांवर पंधरा वर्षांच्या मर्यादेचा आदेश २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यावरचे वाद पुढेही चालू राहिले. ज्याला दिल्लीच्या बदलीची शक्यता वाटते त्याने हा आदेश आधी वाचावा, मग गाडी पाहावी.

कोणी म्हणेल, पन्नास वर्षांवरील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी. जुलै २०२१ च्या नियमांनी तशी सोय केली आहे. शुल्क वीस हजार. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे गाडीला मान मिळतो, पण तिचे काम जाते. कचेरीला जाण्यासाठी गाडी हवी असणाऱ्याने हा मान न मागता साध्या नोंदणीतच समाधान मानावे.

या सर्वांतून माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो : ऐंशीच्या दशकातली, कागदपत्रे शुद्ध असलेली, पत्रा निरोगी असलेली आणि विकत घेतल्या दिवशी स्वतःच्या चाकांवर घरी येणारी पद्मिनी. मोठे कुटुंब आणि खराब रस्ता असेल त्याला अँबॅसिडर, बर्फात असेल त्याला जीप. किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी आणि एका वेळी एकच काम काढावे : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पाणी आणि वीज, रंग सर्वांच्या शेवटी.

मात्र ही संधी कायमची नाही. ज्या गोतावळ्यावर या गाड्या जगल्या तो आता विरत चालला आहे. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली, आणि कचेऱ्यांच्या अंगणातल्या अँबॅसिडर गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत भरली. कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सीही ओसरत आहेत. हजारो टॅक्सींना लागणारे भाग बनत होते म्हणून एखाद्या कारकुनाच्या फियाटलाही ते मिळत होते. ती मागणी थांबली की दुकाने बंद होतील, आणि जो म्हातारा मिस्त्री कानानेच व्हॉल्व्हचे अंतर ओळखतो त्याच्याजवळ शिकावयास कोणी येणार नाही. वस्तुसंग्रहालयात पद्मिनी राहील. तिला चालती ठेवण्याची विद्या तेथे राहणार नाही. ती विद्या रस्त्यावरच जगते, आणि जोवर कोणी सकाळी बॉनेट उघडून पाणी-तेल पाहतो आणि तीच गाडी घेऊन कामावर जातो, तोवरच जगेल.