दुकानाचा सौदा आणि दुकानातला माणूस

श्रोतेहो, राजांच्या तहांवर व्याख्याने होतात, दुकानांच्या सौद्यांवर होत नाहीत. पण शहराचा इतिहास तहनाम्यांप्रमाणे साठेखतांतही लिहिलेला असतो. म्हणून मुंबईतल्या एका दुर्लक्षित कसबाकडे, म्हणजे चालता धंदा विकून देणाऱ्या दलालाच्या कामाकडे, आम्ही आपले लक्ष वेधतो.

अडत्या माल विकून देतो. हा दलाल दुकानच विकून देतो. विक्रीची वार्ता अगोदर फुटली तर उधारीवाले दारात उभे राहतात आणि गिऱ्हाईक पांगते. म्हणून दोन्ही पक्षांची गुपिते तो पोटात ठेवतो, मालाची मोजदाद करवतो, येणे-देणे पाहतो, इसार ठरवतो आणि आपली दलाली घेतो.

या कामाला मुंबईत निराळे वळण लागले ते १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडी गोठली, जागा मात्र दुर्मिळ झाली. घरमालकाने पगडी घेणे गुन्हा ठरले आणि भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्यास देण्याची मनाई झाली. मग दुकान विकायचे कसे? २१ सप्टेंबर १९४८ च्या सरकारी अधिसूचनेने वाट ठेवली: चालू धंदा मालासह व नावलौकिकासह विकला, तर जागेचा हक्कही त्याच्याबरोबर देता येई. या एका तरतुदीने दलालाला मोठे काम दिले. खरा धंदा विकला की नुसती जागा, यावर कोर्टात वाद झडले. पुढे १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, पगडीला मान्यता दिली.

आता हा 'नावलौकिक' पाहा. सकाळी फळ्या काढणारा, कोणत्या घरी कोणता तांदूळ लागतो हे तोंडपाठ असलेला नोकर त्याचा अर्धा धनी असतो. सौद्याच्या यादीत मात्र कपाटे येतात, तराजू येतो, नाव येते. नोकर येत नाही.

कायद्यालाही हा माणूस उशिरा दिसला. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने घेतली. तिच्या कामगारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निर्णय दिला की, धंदा हस्तांतरित होणे म्हणजे कामगारकपात नव्हे. सबब कपातीची भरपाई नाही. संसदेने १९५७ साली औद्योगिक कलह कायदा दुरुस्त केला. धंद्याचा मालक बदलला आणि नोकरी पूर्वीच्या अटींवर अखंड चालू राहिली नाही, तर वर्षभर सलग काम केलेल्यास नोटीस आणि दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळावे, असे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. हे तत्त्व तीतही आहे.

कायदा झाला, पण पुरावा कोठून आणायचा? आम्ही संघटनेची माणसे. हजेरीचा कागद नसला की बारा वर्षांची नोकरीही सिद्ध करता येत नाही, हे आम्ही पुनःपुन्हा पाहिले आहे.

या सभेत दुकानदार आहेत, उद्या दुकान घेऊ पाहणारेही असतील. इसार देण्यापूर्वी आपण दलालाला मालाची यादी मागता. तिच्याबरोबर नोकरांची यादीही मागा. नाव, रुजू झाल्याची तारीख आणि पगार एवढे तीन रकाने पुरेत. दलालास ते कठीण नाही; तसे त्याला कोणी विचारले पाहिजे.