न हललेली बेरीज

परवा ऑफिसात जाम फजिती झाली. एका प्रोजेक्टच्या खर्चाचा अंदाज एक्सेलमध्ये मांडून ठेवला होता. मॅनेजरचा फोन आला, "चारऐवजी सहा माणसं धर आणि टोटल सांग." मी ४ चे ६ केले, खालची टोटल वाचून दाखवली, फाइल सेव्ह केली आणि मेल करून टाकली. पाच मिनिटांत पुन्हा फोन. "तू सांगितलास तो आकडा वेगळा आणि फाइलमधला वेगळा. कुठला खरा?"

मी गार. फॉर्म्युले तर बरोबर होते!

थोडं खणल्यावर कळलं. सकाळी सगळ्यात आधी मी एका सहकाऱ्याची अवाढव्य फाइल उघडली होती. ती हळू चालते म्हणून त्याने कॅल्क्युलेशन 'मॅन्युअल' करून ठेवलेलं. आता गंमत अशी की एक्सेलमध्ये हे सेटिंग एका फाइलपुरतं नसतं. पहिली उघडलेली फाइल जे ठरवेल, तेच नंतर उघडलेल्या सगळ्यांना लागू. त्यामुळे मी फोनवर वाचली ती चार माणसांचीच जुनी टोटल होती. सेव्ह करताना मात्र एक्सेलने गुपचूप हिशेब उरकला, आणि मेलमध्ये सहा माणसांचा आकडा गेला.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आपोआप हिशेब करणं हाच तर स्प्रेडशीटचा जन्मसिद्ध धर्म. मग हे मॅन्युअल प्रकरण आलं कुठून?

गोष्ट १९७८ ची. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. तिथे फळ्यावर हिशेबाचे तक्ते मांडत. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. हा फळाच स्वतःहून बदलला तर, अशी त्याची कल्पना. त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने प्रोग्रॅम लिहिला. बराचसा रात्री, कारण तेव्हा भाड्याने घेतलेला कॉम्प्युटरचा वेळ स्वस्त पडे. १९७९ मध्ये ॲपल टू वर 'व्हिजिकॅल्क' आलं. २५४ ओळी, ६३ कॉलम आणि मशीन कसलं, तर साधारण १ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ३२ केबी मेमरी!

एवढ्याशा जागेत व्हिजिकॅल्क हिशेब करायचं तो सरळ रांगेने. कॉलममागून कॉलम किंवा ओळीमागून ओळ, जे तुम्ही निवडाल ते. इथेच मेख आहे. समजा C1 मध्ये ५ आहे, B1 म्हणजे C1 च्या दुप्पट, आणि A1 म्हणजे B1 अधिक १०. A1 मध्ये २० दिसतात. आता C1 मध्ये ६ टाका. रांगेने जाताना आधी A1 ची पाळी येते, तेव्हा B1 मध्ये जुनेच १० असतात. म्हणून A1 पुन्हा २०. त्यानंतर B1 चे १२ होतात, पण A1 ची पाळी तर होऊन गेली. बरोबर उत्तर २२ हवं असेल, तर उद्गारचिन्हाची कळ दाबून पुन्हा हिशेब करायला लावायचं. साखळी लांब असेल तर पुन्हा पुन्हा.

शिवाय एक सेल बदलला तरी सगळी शीट नव्याने मोजली जाई. मोठी शीट असेल तर प्रत्येक आकड्यामागे थांबायचं. म्हणून व्हिजिकॅल्कमध्येच मॅन्युअलची सोय होती. आधी सगळे आकडे भरा, मग एकदाच हिशेब करा. माझ्या फजितीचं मूळ हे असं त्या काळात आहे.

खरं तर रांगेच्या भानगडीवर उपाय आधीच निघाला होता. १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी मोठ्या कॉम्प्युटरसाठी 'लॅनपार' केलं. त्यात सेल कुठे आहे याला महत्त्व नव्हतं. कोण कुणावर अवलंबून आहे ते बघून क्रम ठरे. इंजिनिअरिंगला डेटा स्ट्रक्चर्समध्ये टोपोलॉजिकल सॉर्ट रट्टा मारून पास झालेल्यांना आठवेल :) त्यांनी १९७० मध्ये पेटंटचा अर्ज केला. पेटंट ऑफिसने नाकारला, भांडण कोर्टात गेलं, १९८२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९८३ मध्ये पेटंट हातात पडलं. म्हणजे तेरा वर्षं! पुढे त्यावरून लोटसवर खटलाही झाला, पण १९९५ मध्ये कोर्टाने ते पेटंट वापरता येणार नाही असं ठरवलं.

त्याच १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने हा नैसर्गिक क्रम पीसीवर घरोघरी नेला. पुन्हा पुन्हा कळ दाबणं संपलं. राहिला प्रश्न वेळेचा. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, त्यात डग क्लंडर याने वेगळी युक्ती केली: जो सेल बदलला, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांवरच खूण करायची आणि तेवढेच मोजायचे. बाकीच्यांना हातही लावायचा नाही. आज लाखो सेलची शीट चटकन हलते ती यामुळे.

थोडक्यात, समोर दिसणारा आकडा ताजा आहे हा भरवसा एका दिवसात मिळालेला नाही. आधी हिशेब आपोआप झाला, मग योग्य क्रमाने, मग वेगाने. आपण मात्र तो इतका गृहीत धरतो की टोटल हलली नाही तरी तपासत नाही. मी फॉर्म्युले दहादा तपासले होते. टोटल जुनी असेल ही शंकासुद्धा आली नाही.

असो. खालच्या पट्टीत डावीकडे 'कॅल्क्युलेट' असा शब्द दिसला तर समजा की आकडे शिळे आहेत. एफ-९ दाबा, आणि मगच फोनवर बोला.