सीटखालचा सांधा

गेले चार शनिवार मी पुणे-नाशिक करतोय. घरी बायकोला वाटतं आईच्या हातच्या जेवणासाठी. (तेही आहेच.) पण खरं कारण म्हणजे आमची हेरल्ड. स्टँडर्ड हेरल्ड, १९६६, दोन दरवाजेवाली. बाबांनी १९८१ मध्ये सेकंडहँड घेतलेली आणि गेली पंचवीस वर्षं गंगापूर रोडच्या घरामागे ताडपत्रीखाली झोपलेली. बाबांना आता पंचाहत्तरावं लागलंय. डोळे अजून शाबूत आहेत तोवर एकदा चालवीन म्हणतात. तेव्हा डेडलाइन खरी आहे, ऑफिसातल्यासारखी पुढे ढकलता येणारी नाही.

शाळेत मी ही गाडी 'स्पोर्ट्स कार' म्हणून खपवायचो. ती थाप होती, पण अगदीच बिनबुडाची नाही. ट्रायम्फची स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये आली, ती हेरल्डचीच चासी आखूड करून. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोट्टीचं. मडगार्डसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं ती करामतही दोघींची सारखीच. म्हणजे आमची हेरल्ड ही स्पोर्ट्स कारची साधी राहणारी मोठी बहीण!

तर, पहिलं काम म्हणजे आतलं सगळं उतरवणं. आधी बॅटरीची वायर काढायची. मग पुढच्या सीट, मागची सीट, दरवाज्यांचे हार्डबोर्ड, मॅट, शेवटी छताचं कापड. प्रत्येक स्क्रू झिपच्या पिशवीत, पिशवीवर नाव, काढण्याआधी फोटो. आपण रोज हेच करतो, फक्त त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतो. एवढं ज्ञान असूनही मी छताच्या कापडाला ताण देणाऱ्या तारा क्रम न लिहिता उपसल्या. प्रत्येकीचा बाक वेगळा. आता कुठली पुढची नि कुठली मागची हे कळायला मार्ग नाही. बॅकअप न घेता डिलीट केल्याचं दुःख तुम्हाला सांगायला नको.

पण मागची सीट उचलली आणि तिच्यापुढे जमिनीवर एक आडवा सांधा दिसला. बोल्टांनी जोडलेला. मला वाटलं कुठल्यातरी अपघातात गाडी तुटली असणार आणि बाबांना कुणीतरी गंडवलं. द्वारकेजवळच्या गॅरेजमधले चाचा हसले. म्हणाले, "साहेब, ये कंपनी का है."

खरंच कंपनीचा आहे. आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडली. १९५३ मध्ये बीएमसी या बड्या ब्रिटिश कंपनीने फिशर अँड लडलो हा बॉडी बनवणारा कारखाना विकत घेतला. स्टँडर्ड-ट्रायम्फच्या बॉड्या तिथूनच यायच्या. आता नव्या गाडीची बॉडी प्रतिस्पर्ध्याकडून कशी मिळणार? मग त्यांनी वेगळी चासी ठेवली, बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घेतले आणि बोल्टांनी जोडले. त्या काळात बाकीच्या गाड्या एकसंध बॉडीकडे वळत होत्या, हेरल्ड १९५९ मध्ये आली ती अशी सुट्या भागांची. नाइलाज होता, पण त्याचा एक फायदा निघाला. छोट्या कारखान्यात, मोठमोठी यंत्रं नसतानाही ही गाडी जोडता येत होती.

आणि छोटे कारखाने आपल्याकडेच होते! १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर आपल्या सरकारने ठरवलं की नुसत्या जुळणीचे दिवस संपले, भाग इथेच बनवायला लागा. मुंबईतून जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मोटारीत मुख्य उरले तिघं: अँबॅसेडरवाले, फियाटवाले आणि मद्रासचे स्टँडर्डवाले. १९६१ पासून मद्रासला हेरल्ड निघू लागली. इंग्लंडात तिला ११४७ सीसीचं इंजिन मिळालं, आपल्याकडे मात्र शेवटपर्यंत तेच ९४८. (कसारा घाटात पाण्याची कॅन घेऊन बाबा का उभे असायचे, ते आता कळलं.)

म्हणजे बर्मिंगहॅममधल्या एका खरेदीची खूण नाशिकमध्ये आमच्या मागच्या सीटखाली होती. त्यावर बसून मी लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्यात.

यानंतर सीटचे थर सोलायला घेतले. सगळ्यात वर नव्वदच्या दशकातलं मखमली कव्हर. त्याखाली लाल रेक्झिन, आत काथ्या आणि गोणपाट. गोणपाटावर पुसट अक्षरं, 'लासलगाव'. कांद्याची गोणी! त्याच्याही खाली, कडेला शिवणीत अडकलेली मूळ राखाडी व्हिनाइलची एक पट्टी.

माझा प्लॅन ठरलेला होता: सगळं राखाडी, कारखान्यातून निघाली तशी. मी पट्टी बाबांना दाखवली. ते म्हणाले, "हे लाल मी ताई व्हायच्या आधी भद्रकालीत करून घेतलं. रेक्झिन मिळेना म्हणून दोन महिने थांबलो. तुझी आई दवाखान्यातून ह्याच सीटवर बसून आली."

"पण बाबा, ओरिजिनल..."

"ओरिजिनल कुणाचं? कारखान्याचं की आमचं?"

मी गप्प. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात गाडी मूळ रूपात हवी असं म्हटलंय, आणि चासी, बॉडी, इंजिन यांचा उल्लेख आहे. सीटच्या रंगाबद्दल काही नाही. तो निर्णय सरकारने आपल्यावर सोडलाय!

आणि विचार केला तर तो सांधाही तडजोडच होती, ९४८ सीसीही तडजोड, कांद्याची गोणीही तडजोड. पहिल्या दोन तडजोडींना मी इतिहास म्हणतोय आणि तिसरीला कचरा, कारण पहिल्या दोन इंग्लंड आणि मद्रासच्या आणि तिसरी भद्रकालीची. हे काही बरोबर नाही.

तेव्हा ठरलंय असं: चासीवरचा गंज खरवडायचा, मॅटखालचा ओला नमदा फेकायचा (जमीन त्यानेच सडवली), बोल्ट नवे. सीट मात्र लालच. काथ्या नवा भरू, पण गोणपाटाचा तो तुकडा झटकून, ऊन देऊन परत आत शिवायचा. बाहेरून कुणाला दिसणार नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती सीट उघडली तर त्याला कळेल.

असो. पुढच्या शनिवारी तारांचं कोडं सोडवायचंय. बाबा म्हणतात त्यांना क्रम आठवतो. बघू!