उंद्रीतले इराणी मांजर

चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्री गावात मांजरांना तोटा नाही. गावाचे नावच असे, की पाहुणे त्यावरून हमखास विनोद करतात. पण चार वर्षांपूर्वी आमचा भाचा पुण्याहून जे मांजर घेऊन आला, ते पाहायला अख्खी गल्ली लोटली. पांढरेशुभ्र, रेशमासारखे लांब केस, तोंड मात्र भिंतीवर आपटल्यासारखे चपटे. "असली इराणी है मामू, कागजात हैं," भाचा म्हणाला. कागद म्हणजे तिच्या आईबापांची, आजापणजांची नावे लिहिलेला शजराच. आमच्या थोरल्या भावांनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "या घरात एवढा पक्का शजरा फक्त हिचाच."

मांजरीचे नाव नूरी ठेवले. आणि आम्ही त्या 'इराणी' शब्दाच्या मागे लागलो.

पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२० च्या सुमारास इस्फहानात होता. खुरासानकडच्या लांब केसांच्या मांजरांचे वर्णन त्याने पत्रात केले आहे. ही जात रोमला न्यावी असे त्याच्या मनात होते. पुढे १६२३ मध्ये तो सुरतेला उतरला आणि गोव्यापर्यंत हिंडला.

आम्हांला अधिक जवळचा वाटला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर म्हणून तो मराठी वाचकाला माहीत आहे. पण त्याआधी १८०३ मध्ये तो वेलस्लीबरोबर असईच्या लढाईत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या वऱ्हाडातल्या अडगावच्या लढाईत आणि डिसेंबरात गाविलगडावरही होता. असई इथून फार लांब नाही. तर हा माणूस १८०९ मध्ये शाह शुजाच्या भेटीला पेशावरला गेला आणि १८१५ मध्ये काबूलच्या राज्यावर त्याने जाडजूड ग्रंथ छापला. त्यात उंट, घोडे, कुत्रे यांच्याबरोबर मांजरांचीही नोंद आहे. तो सांगतो, की 'बुराक' नावाची ही लांब केसांची मांजरे अफगाणांच्या मुलखातून मोठ्या संख्येने बाहेर जातात. सगळीकडे त्यांना इराणी म्हणतात खरे, पण इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून बाहेर पाठवली जात नाहीत म्हटले तरी चालेल. म्हणजे माल काबूलचा आणि नाव इराणचे!

यानंतरची कथा इंग्लंडात घडली. जुलै १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वियर यांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. बक्षिसे आली, मग वंशावळीच्या वह्या आल्या. तिथल्या मांजरांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर होत गेला. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या जातींची जनुके ताडून पाहिली, तेव्हा आजचे पर्शियन मांजर पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळचे निघाले. पश्चिम आशियाशी त्याचे नाते दूरचे.

हे भावांना सांगितले तर ते खूप हसले. आमच्याकडेही लग्नाची बोलणी सुरू झाली, की कुणाचे पूर्वज बुखाऱ्याचे निघतात, कुणाचे शिराजचे. ताटात ज्वारीची भाकरी, शेतावर बोली वऱ्हाडी, आणि शजऱ्यात शिराज. आम्हीही तरुणपणी या गोष्टी अभिमानाने सांगत असू, हे कबूल केले पाहिजे.

माणसाचा शजरा निदान त्याचे नाक तरी बदलत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत या मांजरांना चांगले नाक दिसते. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, चपट्या तोंडाची हौस वाढली. त्यासाठी चपट्याला चपटे जोडत गेले. त्यामुळे श्वासाची वाट अरुंद झाली आणि डोळ्यांतले पाणी नाकात न उतरता गालांवर ओघळू लागले. दुसरे दुखणे मूत्रपिंडाचे. त्यात पाण्याच्या गाठी होतात. यामागचा जनुकातला दोष २००४ मध्ये सापडला. आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. त्याआधी काही देशांत झालेल्या पाहण्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक पर्शियन मांजरांना हा आजार आढळला होता. नूरीच्या कागदांवर पणजोबांचे नाव होते, याचा एक शब्द नव्हता.

पहिल्याच मे महिन्यात आमची घाबरगुंडी उडाली. दुपारी नूरी तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली. कुत्रे धापा टाकते, मांजर सहसा टाकत नाही. टाकू लागले तर ते संकटात आहे असे समजावे. जवळपासचे डॉक्टर गायीम्हशींचे. त्यांनी फोनवर सांगितले तसे ओल्या फडक्याने तिचे पंजे आणि पोट पुसले, फरशीवर निजवून कूलर लावला. संध्याकाळी ती उठली. तेव्हापासून उन्हाळ्यात ती आतल्या खोलीत असते आणि खिडकीला ओले तरट असते. केसांची रोज फणी करावी लागते. दोन दिवस चुकले तर काखेत गुठळ्या होतात, आणि मग कात्री आली. डोळे सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या कापसाने पुसायचे. हे काम भावजयीने आपणहून घेतले आहे.

मांजर नापाक नाही, ते तुमच्या भोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, ही हदीस आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. ती ज्या प्रसंगातून आली तो मात्र कमी सांगितला जातो. हजरत अबू कतादा वुजूला बसले होते. मांजर आले, तेव्हा त्याला पिता यावे म्हणून त्यांनी भांडे कलते केले. सून कब्शा आश्चर्याने पाहू लागली, तेव्हा त्यांनी तिला ही हदीस सांगितली.

नूरीचे तोंड खोल वाटीत पोचत नाही. तिच्यासाठी आम्ही कुंभाराकडून मातीचे पसरट परळ आणले आहे. पण असरच्या वेळी भावजय अंगणात वुजूला बसली, की ती परळ सोडून तिच्याजवळ जाते आणि तांब्या कलता होण्याची वाट पाहते.